जाणिवेवाचून संयम घडतो काय?

बोलण्याच्या नादात चुलीवरच्या पातेल्याकडे हात जातो आणि मध्येच थबकतो. पातेले तापलेले आहे हे ध्यानी येण्याआधीच हात थांबला, असे आपण मागाहून सांगतो. पण हा पुरावा लंगडाच. मागाहून आठवलेल्या क्षणांचा क्रम आपणच लावलेला असतो. म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेत न्यावा लागला.

पाढे म्हणणे, सायकल चालविणे ही कामे लक्ष नसतानाही चालतात, हे कोणीही मान्य करील. परंतु हातून घडू पाहणारी क्रिया रोखणे हे पहारेकऱ्याचे काम. आणि झोपलेला पहारेकरी कसला? रागाने उगारलेला हात मागे घेतला तर त्याचे श्रेय कोणाला द्यावे, हेही या प्रश्नातच आले.

अ‍ॅमस्टरडॅम येथील सायमन व्हान गाल व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर काळे कडे दिसले की कळ दाबायची. मात्र त्याआधी लहान वर्तुळ चमकले, तर दाबायची नाही. वर्तुळानंतर कडे थोड्या अवकाशाने आले, तर वर्तुळ दिसे. लगेच आले, तर कड्यामुळे वर्तुळ झाकले जाई व पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नसे. तरीसुद्धा त्या खेपेस कळ दाबण्यास किंचित उशीर होई, क्वचित हात थांबेही! मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या नोंदींतही कपाळामागील भागात त्याची खूण उमटली.

तेव्हा पहारेकरी झोपेतही काम करतो म्हणावे काय? मला ती घाई वाटते. नियम त्या लोकांना आधी समजावून दिलेला होता आणि त्यांनी तो जागेपणीच स्वीकारला होता. शिवाय दिसलेल्या वर्तुळाच्या मानाने न दिसलेल्याचा अटकाव फारच दुबळा होता.

अनुभवाने सावध होणे ही गोष्ट आणखी निराळी. विल्फ्रीड कुंडे यांनी २००३ साली बाणांचा प्रयोग मांडला. बाणाच्या दिशेप्रमाणे कळ दाबायची; त्याआधी उलट दिशेचा बाण दाखविला की उशीर लागे, मग तो बाण दिसो वा न दिसो. परंतु पुढल्या खेपेची सावधगिरी मात्र तो विरोध दिसला असेल तरच आढळली. येथे प्रश्न सुटला असे वाटते, तोच २०१० साली व्हान गाल यांच्या गटास न दिसलेल्या विरोधानंतरही तशी सावधगिरी आढळली.