डोळा मातीत राहू दे

बाळ, सासवडच्या पुढे माळाचा तुकडा घेतलास, फार बरं केलंस. पण परवा फोनवर म्हणालीस, "मामा, तिथे काहीच नाहीये, नुसतं वाळलेलं गवत. जेसीबी लावून सपाट करते आणि झाडं लावते." ते 'काहीच नाहीये' मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. यातलं बहुतेक सगळं तुझ्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं आहे. ती गुरांमागे असल्याच माळांवर वाढली आणि मला खुरपं धरायला तिनेच शिकवलं.

पहिली गोष्ट. माळाची पारख वाळलेल्या गवतावरून करू नये. तरी उन्हाळ्यातच बघायचं असेल तर वैशाखात सकाळी एक फेरी मार. मुरूम तापलेला, गवत पिवळं पडून मोडलेलं, आणि मध्येच एक दांडा सरळ उभा दिसेल. पान एकही नाही, वर मळकट हिरवट-तपकिरी फुलं लोंबत असतात. हा कोलकांदा, आई त्याला रानकांदा म्हणे. पाऊस अजून महिनाभर लांब असताना तो कशाच्या जोरावर फुलतो? खाली कांदा आहे. गेल्या पावसाळ्यात पानांनी केलेली कमाई त्यात जपून ठेवलेली असते. फुलं आधी, पानं पाऊस पडल्यावर, असा त्याचा क्रम. तो तोंडात मात्र घालायचा नाही. हृदयावर घाला घालणारं विष आहे त्यात.

अख्खा माळ असाच जगतो. चार महिने पाणी, आठ महिने कोरडं, त्यात गुरांची तोंडं आणि अधूनमधून वणवा. अशा जागी ज्याने आपलं धन वर ठेवलं तो बुडाला. म्हणून मुसळी, शतावरी, कळलावी, भुईचक्र, दीपकाडी, सगळ्यांनी ते खाली पुरून ठेवलंय, कुणी कांद्यात, कुणी कंदात, कुणी जाडजूड मुळांत. वणवा गवतावरून सरकतो तेव्हा वर ज्वाळा असतात, पण चार बोटं मातीखाली असलेल्या कंदाला झळ पोचत नाही. आफ्रिकेतल्या माळांवर तर काही झुडपांनी खोडंसुद्धा जमिनीखाली नेलीत, वर दिसतात ते फक्त वीतभर फुटवे. फ्रँक व्हाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये त्यांवर लिहिलेल्या लेखाला नावच दिलं होतं 'आफ्रिकेतली जमिनीखालची अरण्यं'.

आणि आपले माळ म्हणजे कधीकाळचं जंगल तुटून उरलेली पडीक जमीन, हेही डोक्यातून काढ. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुनं मराठी वाङ्मय आणि ओव्या धुंडाळून त्यातली झाडं तपासली. साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या पट्ट्यात काटेरी झाडं, तरवड आणि गवताचे उघडे माळच होते, असं त्यांना दिसलं. तू सपाट करायला निघालीस ती जागा इतकी जुनी आहे.

आता खणायचं कसं ते. आईचा एकच मंत्र होता, 'डोळा मातीत राहिला पाहिजे.' ऊस आणि बटाटा लावताना आपण ज्याला डोळा म्हणतो तोच हा, जिथून नवा कोंब निघतो. प्रत्येक झाडाचा डोळा वेगळ्या जागी असतो, आणि तो कुठे आहे हे कळल्याशिवाय खुरपं उचलायचं नाही.

मुसळीचं घे. खाली बोटांसारख्या मुळांचा झुबका असतो, पण त्या बोटांना डोळा नसतो. तो वर गळ्याशी, जिथे पानं आणि मुळं जुळतात तिथल्या चकतीवर असतो. नुसतं बोट पुरलं तर ते कुजतं, कोंब येत नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना बांधाखालची मुसळीची सहा-सात झाडं मुळासकट उपटून मोठ्या दिमाखात आईपुढे ठेवली. ती रागावली नाही. पुढच्या आषाढात मला त्याच जागी घेऊन गेली. तिथे नुसतं गवत होतं. "बघ," एवढंच म्हणाली. ती जागा मला आजही डोळे मिटून सापडेल.

म्हणून रीत अशी. पानं पिवळी होऊन आपोआप गळू दे, तोवर हात लावू नकोस, कारण कमाई अजून खाली उतरत असते. दिवाळीनंतर बाजूने माती सैल कर, पहार मधोमध कधीच घालू नकोस. झुबक्यातली कडेची दोन-चार बोटं घे. गळा आणि बाकीची बोटं होती तशी ठेव आणि तीच माती परत लोटून पायाने हलकी दाब. कोवळी मुसळी पांढरी असते, जून झाली की साल गडद तपकिरी होते. पांढरी दिसली की घाई झाली समज. कडेची मुळं घ्यायची, गळा राखायचा, हा नियम शतावरीलाही.

कळलावी वेगळी. तिचा कंद नांगरासारखा दुबेळका, म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. डोळा बेचक्यात नसून दोन्ही टोकांना असतो. टोक मोडलं की तो फाटा संपला. ती सगळीच विषारी, कंद तर जीवघेणा. फूल कितीही देखणं असलं तरी मुलांच्या हाती कंद लागू देऊ नकोस.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या मुसळीची पाती भाजीला घेतात, तीच फोडशी. ती विळ्याने वरून काप, एका झाडाची दोन-तीनच. बाजारातल्या जुडीला पांढरा बुडखा दिसला तर झाड उपटलंय असं समज आणि ती घेऊ नकोस. कडू करांद्याच्या नादी मात्र एकटीने लागायचं नाही. त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, पण किती उकडायच्या हे कातकरी बायकांच्या हाताला ठाऊक असतं, पुस्तकाला नाही.

तिथे घर बांधशील तेव्हा त्याच्या पायाखाली येणारे कंद हलवावेच लागतील. त्यातल्या बहुतेकांच्या जागा उन्हाळ्यात दिसत नाहीत, म्हणून भाद्रपदात पानं-फुलं असतानाच शेजारी दगड ठेवून खुणा कर. हलव पानं वाळल्यावर. कंद जेवढा खोल होता तेवढाच खोल लाव, त्याच अंगावर ठेव. आणि माया म्हणून पाणी घालू नकोस. झोपलेल्या कंदाला उन्हाळ्यात पाणी दिलं की तो सडतो. माळावर ठिबक टाकून कंद मारलेले मी पाहिलेत.

झाडं लावायची हौस असेल तर घराभोवती लाव, बोर लाव, पळस लाव. पण सगळ्या तुकड्यावर दहा-दहा फुटांवर खड्डे घेऊ नकोस. नांगरलेल्या माळावर गवत काही पावसाळ्यांत परत येतं, कंदांच्या झाडांना दशकं लागतात, आणि कित्येक येतच नाहीत.

जेसीबीवाल्याला कंद हलवून होईपर्यंत थांबायला सांग. गौरी-गणपतीला मी येतोच आहे. दगड गोळा करून ठेव, दोघं मिळून खुणा करू.