निवडुंग कोणता आणि कॅक्टस कोणता?

गेल्या वर्षीं शाळेच्या प्रदर्शनांत इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें तीन कुंड्या मांडल्या होत्या. पहिलींत त्रिधारी निवडुंग, दुसरींत घायपाताचें पिल्लूं, आणि तिसरींत त्याच्या आजीनें वाढविलेलें 'ब्रह्मकमळ'. पहिल्या दोन कुंड्यांवर त्यानें ठळक अक्षरांत 'कॅक्टस' अशी चिठ्ठी लाविली होती. तिसरीवर 'शोभेचें झाड' एवढेंच लिहिलें होतें. खरें पाहतां त्या तीन कुंड्यांपैकीं तिसरींतच तेवढा कॅक्टस होता! ही चूक पाहुण्यांपैकीं कोणाच्याही लक्षांत आली नाहीं. त्यांस दोष तरी कसा द्यावा? काटा दिसला कीं कॅक्टस म्हणावयाचें, अशी आपणां सर्वांस संवय झाली आहे.

आपल्या भाषेंतील 'निवडुंग' हा शब्द मोठा उदार आहे. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग, फड्या निवडुंग या सर्वांस तो आपल्या पोटांत घेतो. परंतु त्रिधारी व वई हे, कुंपणास लावतात त्या शेराप्रमाणेंच, एरंडाच्या कुळांतले. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस असून तो अमेरिकेंतून आलेला पाहुणा आहे. कॅक्टसांचें सारें कुळ मूळचें अमेरिका खंडांतलें. अपवाद एकच, झाडांच्या फांद्यांवर लोंबणारी रिप्सॅलिसची एक जात. ती आफ्रिका, मादागास्कर व श्रीलंका येथेंही आपोआप वाढते. यावरून हेंही ध्यानांत येईल कीं, पॅलेस्टाईनच्या चित्रांत दिसणारीं फड्या निवडुंगाचीं कुंपणें प्रभु येशूच्या काळीं तेथें असणें शक्य नव्हतें. 'ख्रिस्ताचा मुकुट' म्हणून बागेंत लावितात तें लाल फुलांचें काटेरी झुडूपही कॅक्टस नव्हे. तें मादागास्करचें असून त्रिधारीचें भावंड आहे.

मग ओळखावें कसें? एक भिंग घ्या आणि काट्याच्या बुडाशीं पाहा. खऱ्या कॅक्टसाच्या अंगावर ठराविक अंतरानें लवेची बारीक उशी दिसते. तिला ॲरिओल म्हणतात. आपण तिला 'गादी' म्हणूं. काटे निघतात ते या गादींतून, नवी फांदी फुटते ती येथून, आणि बहुतेक जातींत कळीही येथूनच येते. वस्तुतः ही गादी म्हणजे आखडून गेलेली एक फांदीच होय, आणि काटे हीं तिचीं रूपांतर पावलेलीं पानें. त्रिधारीच्या धारेवर काटे जोडीजोडीनें असतात, परंतु त्यांच्या बुडाशीं अशी लवेची गादी नसते. घायपात व कोरफड यांचे काटे तर पानांच्या कडांस व टोकांस असतात.

आतां आजीच्या कुंडीकडे वळूं. त्या झाडास काटे नाहींत, आणि जीं पानें म्हणून दिसतात तीं पानें नव्हेत, त्या चपट्या फांद्या आहेत. त्यांच्या कडेच्या प्रत्येक खांचेंत एक लहानशी गादी असते. रात्रीं उमलणारी ती सुवासिक कळी तेथूनच येते. (खरें ब्रह्मकमळ हिमालयांत उंचावर होतें व तें सूर्यफुलाच्या कुळांतलें आहे.) सांगली-सोलापूरकडे शेतांत लावितात तें ड्रॅगन फळही कॅक्टसच.

त्रिधारीस टोंचलें असतां पांढरें दूध येतें, ही खूण सर्वांस ठाऊक आहे. परंतु केवळ तीवरून निकाल देऊं नये, कारण मॅमिलेरिया या खऱ्या कॅक्टसाच्या कांहीं जातींतही दूध असतें. या दुधाविषयीं पालकांस दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. कांहीं वर्षांपूर्वीं मीं स्वतः परसांतील त्रिधारीची फांदी छाटली आणि कपाळाचा घाम त्याच हातानें पुसला. अर्ध्या तासांत डोळा मिटला तो दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत उघडेना, आणि पुढें चार दिवस मीं एका डोळ्यानें वर्ग घेतले. वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्यानें असें करावें, यापरती लाज ती कोणती? तें दूध डोळ्यांत गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्यानें निदान पंधरा मिनिटें डोळा धुवावा व विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावा. फड्या निवडुंगाची तऱ्हा निराळी. त्याच्या मोठ्या काट्यांपेक्षां गादींतील केसांसारखीं बारीक कुसळेंच अधिक पीडा देतात. तीं चिकट पट्टीनें उपटून काढावीं. दांतांनीं काढूं नयेत, नाहींतर तीं जिभेंत जातात.

आतां लागवडीकडे येऊं. कॅक्टस पाण्यावांचून मरतो त्यापेक्षां पाण्यानें अधिक मरतो. तळाशीं भोंक असलेली मातीची कुंडी घ्यावी. निम्मी जाड वाळू व विटेचा चुरा, निम्मी माती व कुजलेला पाला असें मिश्रण करावें. माती तळापर्यंत वाळल्यावांचून पुन्हां पाणी घालूं नये. उन्हाळ्यांत हें आठ-दहा दिवसांनीं होतें, थंडींत तीन-चार आठवडेही लागतात. जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखालीं, परंतु भरपूर उजेडांत व वाऱ्यांत असाव्या. कोंकणांतील मुलांनीं तर ही गोष्ट विसरूंच नये. मे महिन्यांतील दुपारचें ऊन कोंवळ्या रोपांस सोसत नाहीं. फांदी लावावयाची असेल तर ती कापून आठ-दहा दिवस सावलींत ठेवावी, जखम सुकल्यावरच वाळूंत टेंकवावी. कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटांत भिजविलेल्या बोळ्यानें तो पुसून काढावा.

पाणी संध्याकाळीं घालावें, असें मी सांगतों. कॅक्टस आपलीं छिद्रें दिवसां मिटून घेतो व रात्रीं उघडतो. रात्रीं हवेंतून घेतलेला कर्बवायु तो आम्लाच्या रूपानें सांठवितो, आणि दिवस उजाडल्यावर सूर्यप्रकाशांत त्यापासून अन्न तयार करितो. ही युक्ति एकट्या कॅक्टसाची नव्हे. बेंजामिन हाइन हा मोरेव्हियन मिशनबरोबर आपल्या देशांत आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याचें एक पत्र १८१५ सालीं प्रसिद्ध झालें. पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें, दुपारीं बेचव होतें, असें त्यानें त्यांत नमूद केलें. तुम्हांस हाच प्रयोग करावयाचा असेल तर चाखूं नका. सकाळ-संध्याकाळ पानाचा रस काढून प्रयोगशाळेंतील आम्लदर्शक कागद त्यांत बुडवा.

बाजारांत लाल किंवा पिवळ्या डोक्याचा छोटा कॅक्टस पाहून मुलें हट्ट धरतात. त्या डोक्यांत हरितद्रव्य नसतें. खालच्या हिरव्या खुंटावर कलम केलें म्हणूनच तें जगतें. प्रथम मॅमिलेरिया किंवा एकिनॉप्सिस आणावा, असा माझा सल्ला.

एक गोष्ट मात्र कधीं करूं नये. वाढलेल्या फड्या निवडुंगाचे तुकडे ओढ्याकांठीं किंवा माळावर फेंकूं नयेत. त्याचा प्रत्येक फडा मूळ धरतो. ऑस्ट्रेलियांत अशाच आणलेल्या निवडुंगानें १९२५ पर्यंत सुमारें ६ कोटी एकर जमीन व्यापिली होती. अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनीं पुढें तो आंवरला. दक्षिण हिंदुस्थानांतही १९२६ सालीं एक कोचिनील कीटक श्रीलंकेंतून आणून फड्या निवडुंगाचीं रानें मोडावीं लागलीं.

याच्या उलट, आपल्या मूळ भूमींत कित्येक कॅक्टस नाहींसे होत चालले आहेत. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत सुमारें ३१ टक्के जातींस धोका असल्याचें आढळलें. आणि या धोक्यास संग्राहकांची हौस हेंही एक मोठें कारण आहे. वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलांत आहे, आणि कांहीं थोडे अपवाद सोडले तर कॅक्टसांचें सर्व कुळ त्याच्या कक्षेंत येतें. म्हणून रोप विकत घेतांना तें बियांपासून वाढविलेलें आहे कीं रानांतून उपटलेलें, हें विचारावें. खरवडलेलें, डाग पडलेलें, मूळ तुटलेलें परंतु वयानें थोर दिसणारें रोप स्वस्तांत मिळालें तर संशय घ्यावा. प्रत्येक कुंडींत शास्त्रीय नांव, तें कोठून मिळालें, व कधीं, अशी चिठ्ठी पेन्सिलीनें लिहून खोंचावी. शाई पाण्यानें पुसते.

त्या विद्यार्थ्यानें पुढच्याच शनिवारीं चिठ्ठ्या बदलल्या. आजीच्या कुंडीवर आतां असें लिहिलें आहे: 'एपिफिलम ऑक्सिपेटलम. कॅक्टस. मूळ मेक्सिको व मध्य अमेरिका. आजीच्या माहेराहून, तारीख तिला आठवत नाहीं.'