पासष्ट रुपयांचा ठेचा

मिरचीचा भाव चढला की डोंबिवली स्टेशनाबाहेर भाजी घेताना कोणीतरी म्हणतंच, ‘आता ठेचाही परवडायचा नाही.’ कागद-पेन्सिल घेऊन बसलं, तर हे म्हणणं टिकत नाही. ठेच्यात सगळ्यात जास्त दिसते ती मिरची, पण खर्चात तिचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी असतो.

एका घाण्याचा हिशेब

पुढचे भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजारात आज जो भाव असेल तो त्या जागी घाला.

- हिरवी मिरची पाव किलो (80 रुपये किलो): 20 रुपये
- शेंगदाणे 100 ग्रॅम (160 रुपये किलो): 16 रुपये
- लसूण 50 ग्रॅम (240 रुपये किलो): 12 रुपये
- शेंगदाणा तेल तीन मोठे चमचे: 8 रुपये
- कोथिंबीर, पाव जुडी: 4 रुपये
- मीठ, जिरं: 2 रुपये
- गॅस: 3 रुपये

एकूण 65 रुपये. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांचा धरला, तर पंधरा मिनिटांच्या भाजणीला अडीच-तीन रुपयांचा गॅस लागतो.

देठं काढून आणि भाजताना पाणी उडून मिरचीचं वजन घटतं, तरी पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास ठेचा हाती येतो. म्हणजे 100 ग्रॅमला साधारण 17 रुपये. चार माणसांनी रोज एकेक चमचा घेतला तर हा घाणा सहा दिवस पुरतो.

आता मिरची दुप्पट महाग करून पाहा. घाणा 85 रुपयांवर जातो, म्हणजे 100 ग्रॅममागे पाचएक रुपये वाढतात. दाणे गाळून काटकसर करावी म्हटलं, तर 16 रुपये वाचतात खरे, पण ठेच्याचं वजनही तेवढंच घटतं. 100 ग्रॅमचा खर्च जवळपास जिथल्या तिथे राहतो आणि तिखटपणा मात्र वाढतो. दाणे न घालता कोल्हापुरी वळणाचा खर्डा करायचा असेल तर तो चवीसाठी करा. पैसे वाचवायचा तो मार्ग नव्हे.

मिरची कुठली, किती

ठाण्यात जांभळी नाका, कल्याणात लक्ष्मी मार्केट, डोंबिवलीत पूर्वेला स्टेशनाजवळचा भाजीबाजार. कुठेही गेलात तरी वाट्याने लावलेली मिरची घेताना एकदा तो वाटा काट्यावर ठेवायला सांगा. ‘दहाला वाटा’ स्वस्त वाटतो, पण त्यात 100 ग्रॅम आहे की 70, हे नुसत्या नजरेला कळत नाही.

रात्री उशिरा उतरत्या भावाने मिळणारी थोडी सुकलेली मिरची ठेच्याला चालते, भाजताना तिच्यातलं पाणी उडवायचंच असतं. मात्र ती त्याच रात्री तव्यावर गेली पाहिजे. देठाशी काळी पडलेली किंवा हाताला बुळबुळीत लागणारी मिरची फुकट मिळाली तरी घेऊ नका.

लवंगी जहाल असते, तेव्हा ती एकटी वापरू नका. लांब, सुरकुतलेली ज्वाला रोजच्या ठेच्याला बरी. मुलं किंवा म्हातारी माणसं खाणार असतील तर निम्मी फिकट, कमी तिखट मिरची घ्या. मिरची उभी चिरून आतला पांढरा गर काढला तरी तिखटपणा उतरतो, कारण तो बियांपेक्षा त्या गरात जास्त असतो.

किलोने घ्यायचा मोह टाळा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत लोक हंगामात पोत्याने हिरवी मिरची घेतात, फिरत्या पिंपात भाजून आणतात आणि वर्षभरासाठी गोठवतात. तिथे ताजी मिरची थोडेच आठवडे मिळते, म्हणून ते परवडतं. आपल्या नाक्यावर ती बारा महिने असते. उरलेली मिरची देठं काढून, पुसून कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवली की फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकते.

भाजणी

लोखंडी तवा आणि खलबत्ता घरात असेल तर नवीन काही घ्यायला नको. आधी दाणे कोरडे भाजून काढा. मग मिरच्यांना एकेक चीर द्या. तशाच टाकल्या तर आतल्या वाफेने फुटून तेल अंगावर उडतं. चमचाभर तेलावर मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, पांढुरके-काळे डाग पडेपर्यंत भाजा. शेवटी लसूण आणि जिरं टाका. भावनगरी मिरचीची जाड साल भाजल्यावर सोलावी लागते, ज्वालेची सोलायची गरज नाही.

वन रूम किचनमध्ये खिडकी आणि पंखा आधी, गॅस नंतर. नाहीतर ठसका शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत पोचतो. मिरची हाताळल्यावर हात आधी तेलाने चोळा, मग साबणाने धुवा, कारण तिखट पाण्यात नाही तर तेलात सुटतं.

ठेचायला खलबत्त्याऐवजी मिक्सर वापरलात तर थांबत थांबत फिरवा. एकसलग फिरवलं की ठेच्याची चटणी होते.

टिकवण आणि विकतची बाटली

लसूण आणि तेल असलेला ठेचा ओट्यावर ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवा, कोरडा चमचा वापरा आणि आठवड्यात संपवा.

विकत घेताना बाटलीची किंमत नको, 100 ग्रॅमचा भाव बघा. पाकिटावर ग्रॅममागचा भाव, निव्वळ वजन आणि 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक हवा. घटकांच्या यादीत जो पदार्थ पहिला लिहिलेला असतो, तो सर्वात जास्त असतो. तिथे मिरचीऐवजी तेल दिसलं, तर तुम्ही तेलाचेच पैसे मोजताय. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

100 ग्रॅमच्या बाटलीच्या किमतीतून 17 रुपये वजा करा. जे उरेल ती तुमच्या अर्ध्या तासाची आणि ठसक्याची किंमत. ती पटली तर बाटली घ्या, नाही पटली तर तवा तापत ठेवा.