जनगणनेचे आकडे आणि संगणकावरील आलेख

जिल्हा परिषदेच्या अहवालात, पंचायत समितीच्या सभेत, शाळेच्या फलकावर, जेथे जेथे आकडे मांडावयाचे असतात तेथे तेथे आज आलेख आढळतो. एके काळी हे काम आलेखकागद, पट्टी आणि शाई घेऊन करावे लागत असे. त्यास वेळ पुष्कळ लागे. परंतु प्रत्येक स्तंभ हाताने मोजून आखावयाचा असल्यामुळे उभा अक्ष कोठून सुरू करावयाचा, याचा विचार आधीच करावा लागे. संगणकाने तो वेळ वाचविला आहे. मात्र अक्षाचा निर्णयही तो आपणांस न विचारता घेऊन टाकतो. त्या निर्णयामुळे एकाच आकड्यांचा अर्थ किती बदलू शकतो, हे आपल्या राज्याच्या एका गंभीर प्रश्नाच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

या कामासाठी 'मॅटप्लॉटलिब' ही पायथन या संगणकभाषेतील लायब्ररी, म्हणजे आलेख काढण्याच्या तयार आज्ञांचा संच, विनामूल्य उपलब्ध आहे. जॉन हंटर या अमेरिकन मज्जाजीवशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या नोंदी पडद्यावर पाहता याव्यात म्हणून ती तयार केली आणि २००३ साली ती सर्वांसाठी खुली झाली. २०१२ साली त्यांचे अकाली निधन झाले. तथापि जगभरच्या कार्यकर्त्यांनी ते काम पुढे चालू ठेवले.

एकच आकडे, दोन चित्रे

० ते ६ या वयोगटातील दर हजार मुलांमागे मुली किती, हे सांगणारा आकडा म्हणजे बाल लिंग गुणोत्तर. महाराष्ट्रात तो १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ होता. अवघे तीन आकडे. ते आलेखात मांडण्यास पायथनमध्ये चार-पाच ओळी पुरतात. पहिली ओळ लायब्ररी बोलावण्याची : 'इम्पोर्ट मॅटप्लॉटलिब डॉट पायप्लॉट ॲज पीएलटी'. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकावयाच्या असतात, येथे त्यांचे केवळ उच्चार दिले आहेत.) दुसऱ्या ओळीत चौकोनी कंसात वर्षांची यादी, तिसरीत त्याच क्रमाने गुणोत्तरांची यादी. त्यानंतर स्तंभालेख हवा असल्यास 'पीएलटी डॉट बार' आणि रेषालेख हवा असल्यास 'पीएलटी डॉट प्लॉट' असे लिहून कंसात दोन्ही याद्यांची नावे द्यावयाची. शेवटी 'पीएलटी डॉट शो' म्हटले की आलेख पडद्यावर येतो.

आता दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. स्तंभालेखात मॅटप्लॉटलिब उभा अक्ष शून्यापासून सुरू करते. ते योग्यच आहे, कारण स्तंभ पाहणारा त्याची पूर्ण लांबी पाहत असतो. परंतु ९१३ चा स्तंभ १० सेंटिमीटर उंच धरला तर ८९४ चा स्तंभ त्याहून केवळ २ मिलिमीटरांनी खुजा भरतो. सभागृहात मागे बसलेल्या सदस्यास तिन्ही स्तंभ सारखेच दिसतील आणि काही बिघडलेले नाही, असे समजून तो पुढील विषयाकडे वळेल.

रेषालेखाची तऱ्हा नेमकी उलट. तेथे लायब्ररी दिलेल्या आकड्यांपुरतीच चौकट आखते. वरखाली ५ टक्के मोकळी जागा सोडते, एवढेच. त्यामुळे उभ्या अक्षाचा तळ ८९१ च्या आसपास येतो आणि २०११ चा बिंदू जणू जमिनीस टेकतो. राज्यात मुली उरल्याच नाहीत, असा भास व्हावा! दोन्ही चित्रे एकाच आकड्यांची, दोन्ही गणिताने अचूक. पण एक झोपवणारे आणि दुसरे घाबरवणारे.

यावर उपाय असा की, आकड्यांना काही अर्थपूर्ण आधार द्यावा आणि त्याच्या संदर्भात चौकट ठरवावी. निसर्गतः सुमारे १०५ मुलग्यांमागे १०० मुली जन्मास येतात, म्हणजे हजारी साधारण ९५०. 'पीएलटी डॉट एएक्सएचलाइन' या आज्ञेने ९५० वर एक तुटक आडवी रेषा काढावी आणि 'पीएलटी डॉट वायलिम' या आज्ञेने अक्ष ७८० ते १००० असा स्वतः नेमून द्यावा. १९९१ साली राज्य त्या रेषेच्या अगदी जवळ होते आणि वीस वर्षांत ते किती दूर गेले, हे मग कोणी न सांगता दिसते. अक्ष शून्यापासून नाही, हे आलेखाखाली स्पष्ट लिहावे. अशी आखूड चौकट रेषालेखापुरतीच चालते. स्तंभालेखाचा तळ कापणे ही मात्र सरळ दिशाभूल होय, मग ती अनवधानाने का असेना.

सरासरीच्या आड

राज्याची रेषा खाली गेली म्हणजे प्रत्येक जिल्ह्याची गेली, असे नाही. बीड जिल्ह्याचे गुणोत्तर २००१ मध्ये ८९४ होते, ते २०११ मध्ये ८०७ वर आले. जळगाव ८८० वरून ८४२ वर उतरले. याच दहा वर्षांत कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर आणि सांगली ८५१ वरून ८६७ वर चढले. गडचिरोली ९६६ वरून ९६१, म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहिले. राज्याच्या ९१३ आणि ८९४ या दोन आकड्यांतून यांतील काहीही कळत नाही. २००१ साली चिंतेचा विषय म्हणून ज्याचे नाव घेतले जाई ते कोल्हापूर सावरत असताना तिकडे बीडमध्ये घसरण चालली होती. अर्थात ८६३ हा आकडाही समाधान मानण्याजोगा नाही. चढूनही कोल्हापूर राज्याच्या सरासरीखालीच राहिले.

हे दाखविण्यास उतार-आलेख उत्तम. डावीकडे २००१, उजवीकडे २०११, आणि प्रत्येक जिल्ह्याची त्यांना जोडणारी एक रेषा. दोन्ही जनगणनांच्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. पस्तीस आज्ञा लिहिण्याचे कारण नाही. 'फॉर' या शब्दाने सुरू होणारी आवर्तनाची ओळ लिहिली की यादीतील प्रत्येक जिल्ह्यासाठी तीच आज्ञा पुनःपुन्हा पाळली जाते. सर्व रेषा फिकट करड्या काढाव्यात आणि ज्या दोन जिल्ह्यांबद्दल बोलावयाचे, त्यांच्याच रेषा ठळक काळ्या. पस्तीस रंगांचा आलेख म्हणजे रंगपंचमी. त्यातून कोणासही काही वाचता येत नाही. शिवाय ग्रामपंचायतीपर्यंत बहुधा झेरॉक्स प्रत पोहोचते आणि तीत तांबडा व हिरवा एकसारखेच काळवंडतात. तुटक आणि अखंड असा रेषांतील भेद तेथेही टिकतो.

आकडे कोणत्या टप्प्यावरचे, तेही आलेखावर नोंदविणे अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा राज्याचे गुणोत्तर ८८३ आणि बीडचे ८०१ असे होते. अंतिम आकड्यांत ते अनुक्रमे ८९४ आणि ८०७ झाले. जुन्या भाषणांतून आणि लेखांतून आजही तात्पुरते आकडे उद्धृत होतात. एका जिल्ह्याचा तात्पुरता आणि दुसऱ्याचा अंतिम आकडा एकाच आलेखात आला, तर जो फरक दिसेल तो मुलींच्या संख्येतील नसून केवळ कागदपत्रांतील असेल.

काही व्यावहारिक अडचणी

आडव्या अक्षावर १९९१, २००१, २०११ याऐवजी १९९२.५, १९९५.० अशी विचित्र वर्षे उमटलेली पाहून नवखा माणूस गोंधळतो. लायब्ररीला ती वर्षे आहेत हे ठाऊक नसते. तिच्या लेखी त्या केवळ संख्या. 'पीएलटी डॉट एक्सटिक्स' या आज्ञेला आपली यादी दिली की प्रश्न मिटतो. वर्षे अवतरणचिन्हांत घालून शब्द म्हणून देण्याची पळवाट काही जण काढतात, पण त्यात धोका आहे. शब्द समान अंतरावर मांडले जातात. पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविण्यात आला आहे. म्हणजे मधले अंतर १० वर्षांचे नसून १६ वर्षांचे. ते दहाइतकेच आखले गेले, तर रेषेचा उतार वस्तुतः आहे त्याहून तीव्र दिसेल.

मराठी शीर्षकाची अडचण याहून चिवट आहे. मॅटप्लॉटलिबच्या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नाहीत, म्हणून अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरी टंक नेमून दिला तरी वापरात असलेल्या बहुतेक आवृत्त्यांत जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते; 'जिल्हा' हा शब्द ओळखू येत नाही. तेव्हा आलेखात केवळ आकडे ठेवून शीर्षक व जिल्ह्यांची नावे अहवाल टंकताना घालणे, हाच तूर्त सोपा मार्ग.

आलेख जपून ठेवण्यासाठी 'पीएलटी डॉट सेव्हफिग' ही आज्ञा आहे. छपाईसाठी तीत 'डीपीआय' ३०० द्यावा. ही ओळ 'शो'च्या आधी लिहावी, नंतर लिहिल्यास पुष्कळदा कोरा कागदच जतन होतो. आलेखाच्या चित्राबरोबर त्या आज्ञांची धारिकाही कार्यालयात ठेवावी. नव्या जनगणनेचे आकडे हाती येतील तेव्हा गुणोत्तरांच्या यादीत एक आकडा वाढवावयाचा आणि वर्षांच्या यादीत त्याचे वर्ष. दोहोंपैकी एक राहून गेले तर याद्यांची लांबी जुळत नाही, आणि पायथन आलेख काढण्यास साफ नकार देते.