वजनाच्या ऑपरेशननंतरचा खर्च : नांदेड-लातूरकरांसाठी हिशेब

लठ्ठपणाच्या ऑपरेशनला किती पैसे लागतील, याची चौकशी आपल्याकडचे लोक कसून करतात. पुणे, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी विचारपूस होते. खासगी रुग्णालयात साधारण अडीच ते पाच लाख रुपयांचा आकडा कळतो आणि घरात त्याची जुळवाजुळव सुरू होते. ऑपरेशननंतर दर महिन्याला काय लागेल, हे मात्र फार थोडे जण विचारतात. उतरलेलं वजन दीड-दोन वर्षांनी पुन्हा चढू लागतं, त्यात या न विचारलेल्या खर्चाचा मोठा वाटा असतो. गोळ्या बंद पडतात, तपासण्या राहतात, जेवण जुन्या वळणावर जातं.

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. दोन्हींत खाणं एकदम कमी होतं. पहिल्या महिन्यात दिवसाला ४०० ते ६०० कॅलरी, सहा महिन्यांच्या आसपास ८०० ते १,०००, वर्षानंतर १,००० ते १,२०० असा साधारण क्रम असतो; पुरुषांना आणि अंगमेहनत करणाऱ्यांना थोडं जास्त लागतं. तेवढ्यातच रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं बसवायची असतात. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि काटा खाली जात असताना माणूस मात्र अशक्त होत जातो.

म्हणून किराणा भरताना नेहमीचा हिशेब बदलावा लागतो. तूरडाळ प्रथिनांचा स्वस्त स्रोत आहे, आणि डाळ-सोयाबीनच्या बाजारासाठी लातूरचं नाव आहेच. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. पण शिजून वरण झालं की छोट्या वाटीत चार-पाच ग्रॅमच उरतात, आणि पोट त्या वाटीनेच भरतं. इथे रुपयाबरोबर पोटातली जागाही मोजायची. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते सात-आठ रुपयांत मिळतं. पनीर १०० ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम देतं, पण ४०० रुपये किलोच्या भावाने महाग पडतं. माळकरी घरांसाठी घरचा चक्का उत्तम : दही रात्रभर फडक्यात टांगलं की पाणी निघून जातं आणि तेवढ्याच वाटीत दुपटीहून जास्त प्रथिनं येतात. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रथिनं असतात. किलोला दीडशे रुपये भाव धरला तर १० ग्रॅम प्रथिनं तीन रुपयांत पडतात. मात्र वड्या भिजून फुगतात आणि चिवट असतात. त्यामुळे पहिले दोन महिने त्या नकोत. नंतर बारीक करून, आहारतज्ज्ञांना विचारून सुरू कराव्यात.

प्रोटीन पावडरचा किलोचा डबा साधारण दोन ते साडेतीन हजारांना येतो. सुरुवातीच्या पातळ आहाराच्या आठवड्यांत तिला चांगला पर्याय नाही, तेव्हा ती घ्यावी. पुढे अंडी, चक्का, मासे, चिकन पोटात ठरू लागले की बहुतेकांना ती कमी किंवा बंद करता येते. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहा आणि पक्कं बिल घ्या. जिममध्ये सुट्टी पावडर विकत असतील तर ती घेऊ नका.

आपल्या पंगतीतल्या काही गोष्टींची या पोटाशी दुष्मनी आहे. पुरणपोळी आणि आमरस भराभर आतड्यात उतरतात. बायपास झालेल्याला घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. सुशीला हलकी वाटते, पण तिच्यात प्रथिनं नावाला असतात. मूठभर शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, १७० कॅलरी देतात. साखरेच्या चहाचे चार-पाच कप सहज दोन-तीनशे कॅलरी पोटात घालतात आणि पोट भरल्याचं कळतही नाही. माहूरच्या किंवा तुळजापूरच्या देवीचे नऊ दिवसांचे उपवास असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. साबुदाण्यावर नऊ दिवस काढणं या शरीराला परवडत नाही, आणि निर्जळी तर नकोच. वेळ अमावस्येची भज्जी मात्र थोडीशी जरूर खा. तिच्यातल्या डाळी-शेंगांत प्रथिनं आहेत.

गोळ्या आयुष्यभर आहेत. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि गरजेप्रमाणे लोह मिळून नेहमीच्या ब्रँडमध्ये महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये धरा; जनऔषधी केंद्रात यातलं जे मिळेल ते बरंच स्वस्त पडतं. कॅल्शियम घेताना सायट्रेट मागा. दुकानदार कार्बोनेट देऊ करतो, पण ते पचायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी झालेलं असतं. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गुडघे दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. विशेषतः बायपासनंतर त्याने अल्सर होऊ शकतो. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर लगेच रुग्णालय गाठा. उलट्यांमुळे बी-१ जीवनसत्त्व संपलं तर मेंदू आणि नसांना इजा होते.

रक्ततपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करावी लागते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर हे सगळं मिळून खासगी लॅबमध्ये एका वेळी साधारण अडीच ते चार हजार होतात. त्यासाठी पुण्या-हैदराबादला जायची गरज नाही. रक्त इथेच द्या, अहवाल पाठवा आणि सर्जनशी फोनवर बोलायची सोय आधीच ठरवून घ्या. प्रवास आणि बुडालेला रोज दोन्ही वाचतात. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथल्या रुग्णालयांत यातल्या कोणत्या तपासण्या होतात, तेही विचारा.

आता व्यायाम. ८० किलोचा माणूस अर्धा तास बऱ्या वेगाने चालला तर सुमारे १४० कॅलरी खर्च होतात, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांपेक्षाही कमी. तेव्हा जास्त खाल्लं तर चालून भरून काढू, हा हिशेब जुळत नाही. व्यायाम हवा तो स्नायू राखण्यासाठी आणि उतरलेलं वजन टिकवण्यासाठी. चालणं दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. पहिले सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याची भरलेली कळशी त्यात आली, गॅसचं सिलिंडर तर आलंच. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतं. घरातल्या बाईचं ऑपरेशन झालं असेल तर हे काम दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवं, आणि ते आधीच ठरवायला हवं. पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं चालणं आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम. चांगले बूट दीड ते तीन हजार, रबरी पट्टा चारशे-पाचशे, स्वयंपाकघरातला वजनकाटाही तेवढ्यालाच. या तिन्हींवरचा खर्च सार्थकी लागतो. जिमची फी महिन्याला साधारण हजाराच्या आसपास असते. वर्षाची एकदम भरू नका. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणं-बसणं फुकट आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, म्हणून चालणं सकाळी सातच्या आत उरका. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट प्या, जेवणासोबत नको.

विम्याचंही बघा. बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तरच कंपन्या हे ऑपरेशन मान्य करतात. रुग्णालयातून घरी आल्यावर पॉलिसीत ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांतल्या तपासण्या आणि औषधांची बिलंही मागता येतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या एरवी वगळलेल्या असतात. डॉक्टरांनी त्याच उपचाराचा भाग म्हणून लिहून दिल्या असतील तर चालतात. त्यामुळे प्रत्येक गोळी चिठ्ठीवर लिहून घ्या. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

सगळं जमेला धरलं तर पहिल्या वर्षी साधारण ३५ ते ४५ हजार आणि पुढे दरवर्षी १५ ते २५ हजार रुपये लागतात. ऑपरेशनचा आगाऊ पैसा भरण्याआधी दोन गोष्टी करा : पॅकेजमध्ये नंतरच्या किती भेटी, किती दिवस आहारतज्ज्ञ आणि कोणत्या तपासण्या आहेत, हे रुग्णालयाकडून लेखी घ्या, आणि पहिल्या वर्षाची रक्कम बाजूला काढा. ती निघत नसेल तर तारीख पुढे ढकला.