वही तिचीच राहू द्या

प्रश्न : मुलगी नववीत आहे. अभ्यास सोडून गोठ्यात रमते, गायींच्या नोंदी लिहीत बसते. लातूरला क्लास लावावा का?
– एक पालक, देवणी

उत्तर : क्लासचं नंतर बघा. आधी ती वही तिच्याकडून मागून वाचा. चुका मात्र काढू नका. तुमच्या गायी देवणी गोवंशाच्या असतील तर तिच्या नोंदींत त्यांचे रंगप्रकारही असतील : बालंक्या सगळा पांढरा, वानेऱ्याच्या तोंडाच्या बाजू काळ्या, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. हे रंग वासरात कसे उतरतात, असं तिनं विचारलं तर ‘मलाही माहीत नाही, शोधू या’ म्हणा. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहेच, तिथवर ती आपणहून पोचेल. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून जवळ आहे. आधी विचारून वेळ घ्या आणि तिला घेऊन जा. तिथं प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.