पाण्याच्या आधीच मिळालेलं



आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये १०:४४-४८

गेवराईच्या एका मुलाचा मेसेज आला. "दादा, दोन वर्षं झाली येशूवर विश्वास ठेवून. बाप्तिस्मा नाही घेतला. घेतला तर शिष्यवृत्ती जाईल, आई जेवायचं सोडेल. असाच मेलो तर माझं तारण होईल का?"

त्याची भीती खोटी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुण्यात बसून "हिंमत कर रे" म्हणणं मला सोपं आहे.

म्हणून कर्नेल्याच्या घरी जाऊ. पेत्र अजून बोलतोच आहे, तेवढ्यात पवित्र आत्मा त्या विदेशी लोकांवर उतरला. पाण्याच्या आधी! देव पेत्रासाठी थांबला नाही. वधस्तंभावरच्या चोराचंही तेच (लूक २३:४३). मार्क १६:१६ नीट वाचा (आम्हा इंजिनिअर लोकांना अटी तपासायची खोडच असते). पहिल्या भागात विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही आहेत, पण दंड सांगताना फक्त विश्वास न ठेवणाऱ्याचं नाव येतं. बाप्तिस्मा आवश्यक मानणारी कॅथलिक मंडळीसुद्धा, त्याची मनापासून इच्छा असताना तो न घेताच मरण पावलेल्याला तारणाबाहेर ठेवत नाही.

मग पाणी कशाला? इथेच आपण घाई करतो. आत्मा मिळाला आहे म्हणून पेत्र पाणी टाळत नाही. उलट आत्मा मिळाला आहे म्हणूनच तो बाप्तिस्म्याची आज्ञा करतो.

आपल्या मराठी मंडळीत हे नारायण वामन टिळकांनी जगून दाखवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं. लक्ष्मीबाई दुरावल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. म्हणजे पाण्याची किंमत टिळकांना पुरेपूर माहीत होती. तरी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा दिली. स्वतः सगळं गमावून पाण्यात उतरलेला माणूस काठावर उभ्या असलेल्याला हाकलत नाही. मला हे फार मोठं वाटतं. आपल्यातल्या काही जणांना ते पटणार नाही, चालेल.

त्या मुलाला मी लिहिलं, "तुझं तारण दाखल्यावर नाही आणि पाण्यावरही नाही. ते येशूवर आहे. पण प्रभूने सांगितलंय म्हणून बाप्तिस्म्याची इच्छा मनातून काढू नकोस. दिवाळीत बीडला येतोय. आधी आईला भेटू."

त्याचं उत्तर आलं, "आईला विचारतो, दादा."

त्या दोघांसाठी आज प्रार्थना करा.